टाकीबाहेर कोण उभं होतं

सरळ सांगतो. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या एका वाइनरीच्या प्लांट मॅनेजरने मला फसवलं. पैशात नाही – पैशात मला फसवणारा अजून जन्मायचाय. त्याने माझ्याकडून एक खोटी गोष्ट बनवून घेतली, आणि ज्यांच्याबद्दल ती खोटी होती त्यांनाच समोर बसवून मला दाखवायला लावली. वाइनरीचं नाव लिहीत नाही, त्याचंही नाही. वाचेल तेव्हा त्याचं त्याला कळेल.

या ग्रुपवर लोक आपले भुताखेतांचे अनुभव लिहितात, ते मी आधीपासून वाचतो. काम नसलं की वाचायचो आणि हसायचो. माझं ऑफिस नाशकात द्वारका चौकात, टायरच्या दुकानावरच्या खोलीत. पाट्या रंगवल्या, लग्नांचे व्हिडिओ शूट केले, कोणाचा हात डोक्यावर नसताना इथवर आलो. आता कंपन्यांसाठी सेफ्टीचे कार्टून व्हिडिओ बनवतो. अंबड, सातपूर, सिन्नर – सगळीकडे माझे व्हिडिओ चालतात. त्यामुळे भूत कसं तयार होतं हे मला चांगलं माहीत होतं. आमच्याकडे प्राजक्ता नावाची मुलगी आहे, ती ते कॉम्प्युटरवर बनवते आणि गिऱ्हाइकाला आवडलं नाही तर रंग बदलून देते. माझा विश्वास एवढाच.

वाइनरीचं काम बंदिस्त जागेचं होतं. बंदिस्त जागा म्हणजे टाकी, विहीर, गटाराचं चेंबर – जिथे हवा खेळत नाही आणि माणूस आत गेला तर बाहेर यायला एकच वाट असते. द्राक्षं आंबताना जो वायू सुटतो तो हवेपेक्षा जड. टाकीच्या तळाशी बसून राहतो, आणि आंबलेल्या वासात तो काही वेगळा कळत नाही. रेड वाइन काढून घेतली की टाकीत सालींचा चोथा उरतो. खालच्या छोट्या दारातून एक माणूस आत शिरतो आणि लाकडी फावड्याने तो बाहेर ओढतो. वायू काढून न टाकता शिरला, तर दोन-चार श्वासांत खाली बसतो. मग त्याला काढायला दुसरा शिरतो... म्हणून आमच्या व्हिडिओत तीन गोष्टी असतातच. आधी मीटरने हवा तपासा, ब्लोअर लावा, आणि दाराबाहेर एक माणूस उभा ठेवा. त्या माणसाने काहीही झालं तरी जागा सोडायची नाही.

मॅनेजरने मला बोलावलं तेव्हा हंगाम सुरू व्हायच्या बेतात होता. पांढरा कडक शर्ट, बाह्या दुमडलेल्या, मनगटावर जाड सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. निफाडच्या बाजूला द्राक्षबागांच्या मधोमध त्यांचा प्लांट आहे. एका बाजूला टाक्या, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांना वाइन चाखायला काचेची गॅलरी. आम्ही टाक्यांजवळ उभे होतो तेवढ्यात पाहुण्यांची बस आली. त्याने माझ्याशी बोलणं न थांबवता हात वर केला आणि दोन बोटं हलवली, बस्स. टाक्यांजवळ धुणंपुसणं करणाऱ्या बायका लगेच बादल्या सोडून शेडमागे निघून गेल्या.

मी विचारलं, ह्या कुठे चालल्या?

"पाहुणे फोटो काढतात हो," तो म्हणाला. "मागे ओल्या साड्या नकोत."

मग तो कामाचं बोलला. गोष्ट त्याने स्वतःच सांगितली, आणि तशीच हवी म्हणाला. एक मजूर दारू पिऊन येतो. कोणाला न विचारता टाकीत शिरतो. त्याचा बाहेर उभा असलेला जोडीदार जागा सोडून भटकायला जातो. आतला पडतो आणि मरतो. मी म्हटलं, माझ्या व्हिडिओत सुपरवायझर असतो, त्याची जबाबदारी काय तेही दाखवतो. तर म्हणाला, सुपरवायझर नको, फाफटपसारा होतो, चूक कोणाची ते लोकांना नीट दिसलं पाहिजे. मी तापलो. शेवटी बरोबर पद्धत दाखवायची यावर त्याला आणला, पण सुपरवायझर त्याने घालू दिला नाही.

दराचं मात्र एका शब्दाने बोलला नाही. मी सांगितला तो मान्य. आयुष्यात पहिल्यांदा मला घासाघीस करायला मिळाली नाही, आणि घरी जाताना ते दाताला अडकलेल्या तंतूसारखं सलत राहिलं.

निघताना मी त्याला विचारलं होतं, इथे कधी काही झालंय का? खरी घटना असेल तर तिचा धडा लोकांना जास्त लागतो.

"आमच्याकडे? कधीच नाही," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मी आणि प्राजक्ता आवाज रेकॉर्ड करायला गेलो. भर दुपार, लख्ख ऊन. मजूर आले होते, बहुतेक सुरगाण्याकडचे, नवरा-बायकोच्या जोड्यांनी. टाक्या धुणं चालू होतं, आणि तिथे मला एक गोष्ट दिसली जी कुठल्या सेफ्टीच्या पुस्तकात नाही. नवरा आत, बायको दाराबाहेर. थोड्या थोड्या वेळाने आतला फावड्याच्या दांड्याने पत्र्यावर दोनदा ठोकायचा. बाहेरची हातातल्या चमच्याने, दगडाने, जे असेल त्याने दोनदा ठोकून उत्तर द्यायची. मी आहे – मी पण आहे. एवढंच. कोणी शिकवलेलं नाही, त्यांचं त्यांनीच ठरवलेलं.

मला ते फार आवडलं. प्राजक्ताला म्हटलं, हा आवाज आपल्या व्हिडिओत पाहिजे. पण तिथे पाण्याचा आवाज फार. रांगेच्या टोकाला एक टाकी मोकळी होती. दार उघडं, आत कोरडी, जवळ नळी नाही, माणूस नाही. मुकादमाला विचारलं तर म्हणाला, तिचा व्हॉल्व्ह खराब हे, ती वापरत नाय. प्राजक्ताने रेकॉर्डर चालू केला आणि मी बोटातल्या अंगठीने टाकीवर दोनदा ठोकलं.

मी हात खाली घेतला. श्वास घेतला. आणि आतून दोनदा वाजलं.

लगेच नाही. प्रतिध्वनी लगेच येतो, मला कळतं तेवढं. हे सावकाश आलं, जणू कोणीतरी आधी ऐकलं, खात्री केली आणि मग वाजवलं. दाराच्या बाजूलाच, खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर. मला वाटलं कोणीतरी कार्टं आत बसून मस्करी करतंय. शिवी हासडत वाकलो आणि मोबाइलचा टॉर्च आत मारला. चकचकीत स्टील, कोपरा नाही की आडोसा नाही. माझाच वाकडा झालेला चेहरा समोरच्या भिंतीत दिसत होता. तोल सावरायला मी टाकीवर तळहात टेकवला, आणि तेवढ्यात परत दोनदा वाजलं. या वेळी ते मी ऐकलं नाही फक्त – ते मला हातात लागलं. पत्र्याच्या पलीकडून, माझ्या तळव्याच्या बरोबर मागे.

मी ताडकन उभा राहिलो. प्राजक्ताचा चेहरा पांढरा पडला होता, तरी ती म्हणाली, "सर, इको असेल." मागे वळून पाहिलं तर काम थांबलं होतं. नळ्या जमिनीवर तशाच वाहत होत्या आणि सगळे माझ्याकडे बघत होते. एक बाई पुढे आली, चाळिशीची असेल, साडीवर प्लास्टिकचा ॲप्रन. नाव सुकरीबाई, ते मला नंतर कळलं.

"शेठ, तुमी वाजवलं का?"

"हो, वाजवलं. का?"

"मंग आता हलू नका. तो भायेर येईस्तोवर हलायचं नसतं."

मुकादम तिच्या अंगावर ओरडला आणि ती मागे सरकली. मला म्हणाला, "येडी हे ती शेठ. नवरा दारू पिऊन मेला गावाला, तवापासून असंच बोलती." मी उसनं हसलो. म्हटलं, बाई, मला द्वारकेला जायचंय, रस्त्यात ट्रॅफिक लागतं. आणि गाडीत येऊन बसलो. पण गेटपर्यंत जाईतो मागून कोणीतरी बघतंय असं वाटत राहिलं. मला, ज्याला गर्दीत चार माणसं मारायला धावली तरी घाम फुटत नाही.

ऑफिसात रेकॉर्डिंग ऐकलं. माझं दोनदा ठोकणं. मग शांतता. मग माझी शिवी. मग माझ्या बुटांचा आवाज. आतून आलेलं काहीच नाही. प्राजक्ताने फाइल बंद केली. काम होतं, कामाला लागलो.

पण कामही नीट होईना. व्हिडिओतला मजूर टाकीत पडतो तो सीन प्राजक्ताने केला होता – उताणा, हात अंगाशी, बाजूला बाटली. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर त्याचा उजवा हात वर, मूठ वळलेली, पत्र्याकडे. तिने खाली घेतला. परत वर. तिला वाटलं मी तिच्या कॉम्प्युटरला हात लावतो, मला वाटलं ती कंटाळून हलगर्जीपणा करते. मी तिच्यावर खूप ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "सर, मी हा हात चार वेळा खाली ठेवलाय. आता तुम्ही ठेवा." मी ठेवला. माझ्यासमोर तरी तो राहिला.

मग दाखवायचा दिवस आला. हंगाम सुरू झाला होता. पॅकिंगच्या शेडमध्ये भिंतीला पांढरी चादर लावली, खिडक्यांना खोकी लावून उजेड अडवला, तरी फटींतून ऊन येत होतं. मजूर खाली बसले. मॅनेजर पुढे खुर्चीत, शेजारी हेड ऑफिसहून आलेला एक माणूस, ज्याला दाखवायला हा सगळा थाट होता. मी लॅपटॉपजवळ, प्राजक्ता स्पीकरजवळ. सुकरीबाई भिंतीला टेकून शेवटी बसली होती.

सातपूरला, सिन्नरला, कुठेही माझ्या व्हिडिओत गमतीचा तुकडा आला की लोक हमखास हसतात. या व्हिडिओत तो तुकडा होता मजूर बाटली खिशात घालून डुलत डुलत टाकीकडे जातो तो. प्राजक्ताने त्याची चाल मुद्दाम गमतीदार केली होती. इथे कोणी हसलं नाही. एका बाईने पदर तोंडाला लावला. मागून एक म्हातारा हळूच म्हणाला, "मंगळू तर पीतच नव्हता." मला तेव्हा कळलं नाही कोण मंगळू. मॅनेजरला कळलं. त्याची मान ताठ झाली.

पडद्यावर मजूर टाकीत शिरला. जोडीदार बाहेर. आता जोडीदार भटकायला जाणार... आणि तिथे ठोकण्याचा आवाज आला. दोनदा. हा आवाज त्या जागी नव्हताच, तो मी शेवटच्या भागात वापरला होता. मला वाटलं प्राजक्ताने घोळ घातला. मी तिला खूण केली, तिने मान हलवली – मी नाही. परत दोनदा. मी उठलो आणि रागाने स्पीकरची वायर उपटली.

ठोकणं थांबलं नाही. दोनदा. थोडं थांबून दोनदा. भिंतीपलीकडून येत होतं, टाक्यांच्या बाजूने, रांगेच्या टोकाकडून.

मी पडद्याकडे पाहिलं, आणि हे मी पाहिलं, प्राजक्ताने पाहिलं, तिथल्या प्रत्येकाने पाहिलं. टाकीतला मजूर उताणा पडलेला नव्हता. तो गुडघ्यावर बसला होता, कान पत्र्याला लावून, मूठ वर करून. ऐकत होता. बाटली कुठेच नव्हती. टाकीबाहेर जो जोडीदार आम्ही निळ्या हेल्मेटचा पुरुष केला होता, तो पाठमोरा होता आणि त्याची पाठ वाकत होती, जावं की थांबावं या विचारात माणसाची वाकते तशी. आणि चित्राच्या कडेला एक हात आला. फक्त हात. पांढरी दुमडलेली बाही, मनगटावर सोनेरी पट्टा. दोन बोटं हलली.

जोडीदार निघून गेला.

आतला ठोकत राहिला. चादरीवरच्या त्या कार्टूनला आम्ही तोंड म्हणून एक रेघ दिली होती, डोळे म्हणून दोन ठिपके. त्या दोन ठिपक्यांत जे वाट पाहणं होतं ते मी जिवंत माणसाच्या तोंडावरही कधी पाहिलेलं नाही. मग त्याची मूठ हळूहळू खाली घसरली. पत्र्यावरून, घासत. भिंतीपलीकडूनही तसंच घासल्यासारखं ऐकू आलं.

मॅनेजर खुर्ची पाडून उठला आणि त्याने लॅपटॉप धाडकन बंद केला. चादर पांढरी झाली. ठोकणं मात्र परत सुरू झालं.

तेव्हा सुकरीबाई उठली. कोणी तिला अडवलं नाही. ती बाहेर गेली, आणि मी, का कुणास ठाऊक, तिच्या मागे गेलो. टोकाच्या टाकीपाशी जाऊन तिने हातातल्या बांगडीने पत्र्यावर दोनदा ठोकलं. आतलं ठोकणं थांबलं. ती तिथेच दारात बसली, टाकीला पाठ लावून, उन्हात.

तिने मला सांगितलं ते थोडक्यात लिहितो. मागच्या हंगामात तिचा नवरा मंगळू त्याच टाकीत होता. दारू तो कधी प्यायलाच नाही. मीटर नव्हता, ब्लोअर नव्हता, होती ती फक्त दाराबाहेर ही. तो ठोकायचा, ही ठोकायची. पाहुण्यांची बस आली. साहेबांनी बोटं हलवली. आत माणूस आहे म्हणून ती सांगायला गेली, तर साहेब म्हणाले, पाच मिनिटं शेडमागे जा, काही होत नाही. ती गेली. शेडमागून तिला त्याचं ठोकणं ऐकू येत होतं. गॅलरीत पाहुणे होते म्हणून तिला येऊ दिलं नाही. मग ते यायचं थांबलं. मंगळूला कंपनीच्या गाडीतून गावाला नेलं आणि सांगितलं की दारू पिऊन टाकीत शिरला आणि बायको जागा सोडून गेली. सासरचे तिला दारात उभं करत नाहीत. तिची दोन पोरं सासरीच आहेत.

"जागा म्या सोडली ना शेठ," ती म्हणाली. "ते खरंच हाय. पण म्या आपल्या मनानं नाय सोडली. येवढं कोनी तरी सांगावं तिकडं."

मी परत शेडकडे गेलो. मॅनेजर बाहेरच गाठ पडला. हेड ऑफिसचा माणूस मागे उभा होता. मॅनेजरने माझी कॉलर धरायचीच बाकी ठेवली होती.

"तो हात व्हिडिओत घातलात. कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी आयुष्यभर सौदे केलेत. समोरच्याने पडद्यावर अशक्य गोष्ट पाहिली, आणि तो "हे काय होतं" न विचारता "कोणी सांगितलं" विचारतो, तेव्हा त्याच्या पोटात काय आहे ते मला कळतं. मी त्याला म्हटलं, "काय सांगितलं? काही सांगण्यासारखं होतं का? तुमच्याकडे तर कधीच काही नाही ना झालं?" हेड ऑफिसच्या माणसाने घड्याळात पाहिलं आणि गाडीत जाऊन बसला. त्यालाही कळलं होतं, पण त्याला न कळणं सोयीचं होतं.

ऑफिसात येऊन आम्ही फाइल पुन्हा पुन्हा पाहिली. हात नाही. बाटली आहे. मजूर उताणा पडलाय, हात अंगाशी. मूळ फाइल, कॉपी, पेन ड्राइव्ह – सगळीकडे तेच. शेडमधल्या कोणीही मोबाइलवर शूट केलेलं नाही, कारण मजुरांचे मोबाइल गेटवर ठेवायला लावतात, आणि माझा खिशात असून मला सुचलं नाही. माझ्याकडे पुरावा म्हणून दाखवायला काही नाही. प्राजक्ता अजून माझ्याकडेच आहे, पण टाकीचे व्हिडिओ करत नाही, आणि मीही सांगत नाही.

आणि मी वाजवलं होतं, हे टाकीतल्याला आठवतंय. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत, ऑफिसच्या लोखंडी कपाटात, एकदा तर बँकेच्या लिफ्टमध्ये, चार माणसं शेजारी उभी असताना – दोनदा. मग थांबतं. वाट बघतं. त्या थांबण्यात काय आहे ते मला सांगता येत नाही. मी रागीट माणूस आहे, कोणाला घाबरत नाही, पण त्या शांततेत मला राहवत नाही आणि मी अंगठीने दोनदा ठोकतो. ठोकलं की ते काही काळ गप्प बसतं. अंगठी काढून पाहिली. मग बोटाने ठोकावं लागतं. बायकोला वाटतं मला कसली तरी सवय लागलीय. मी तिला सांगितलेलं नाही. ती वाचत असेल तर आता कळलं असेल.

हे काय आहे, मला माहीत नाही. डॉक्टर सांगतील, शास्त्रवाले सांगतील, इथले जाणकार कॉमेंटमध्ये सांगतील – सांगा. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही आणि आता मी ते शोधतही नाही.

पण पडद्यावरचा तो हात भुताचा नव्हता. तो जिवंत माणसाचा आहे, त्याच्या मनगटावर अजून तेच घड्याळ आहे, आणि तो माझा व्हिडिओ कंपनीच्या दुसऱ्या प्लांटमध्येही दाखवतोय – बाटलीसकट, डुलत्या चालीसकट – की बघा, मजूर असे मरतात. मी नोटीस पाठवली तर उत्तर आलं की व्हिडिओ त्यांचा झाला, मी विकलाय.

म्हणून इथे सगळ्यांसमोर सांगतो, साहेब. तो व्हिडिओ बंद करा. सुरगाण्याला जा, सुकरीबाईच्या सासऱ्यांच्या अंगणात उभे राहा आणि सांगा की मंगळू प्यायलेला नव्हता, आणि तिला मीच शेडमागे पाठवलं होतं, ती जात नव्हती. तिची पोरं तिच्याकडे येईपर्यंत तिथून हलू नका. मग परत या, टोकाच्या टाकीपाशी उभे राहा, पाहुण्यांची बस आली तरी, आणि तुमच्या त्या घड्याळाने पत्र्यावर दोनदा ठोका.

आतून उत्तर येईल. आलं की हलायचं नाही. तो बाहेर येईपर्यंत तुम्ही उभं राहायचं, मी नाही.